पाठीखाली बर्फाची लादी ठेवली असती तर?

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातली. एप्रिलमध्ये माझा धाकटा भाऊ, वय २७, कलमावर चढून आंबे काढताना फांदी मोडून खाली आला. शुद्धीवर होता, पण पाय हलत नव्हते. आम्ही त्याला चादरीत उचलून टेम्पोत घातलं, तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून रुग्णवाहिकेने कोल्हापूरला. कमरेच्या पहिल्या मणक्याचा (एल-१) चुरा झालाय आणि मज्जारज्जूला सूज आहे, असं एमआरआयमध्ये आलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू घातले. आता तीन महिने झाले. मांडी थोडी उचलतो, घोटे हलत नाहीत, लघवीची नळी कायम लावलेली आहे.

जूनमध्ये न्यू जर्सीच्या आतेभावाने एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतल्या एका फुटबॉलपटूची मान मोडली, डॉक्टरांनी लगेच त्याचं अंग थंड केलं आणि तो चालायला लागला. ते पाहिल्यापासून मला झोप नाही. आमच्या बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, घरापासून चालत दहा मिनिटांवर. एक लादी आणून त्याच्या पाठीखाली ठेवली असती तर? आता मी रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास त्याच्या कमरेवर, माकडहाडापर्यंत, बर्फाची पिशवी ठेवते. खालच्या बाजूला काहीच जाणवत नाही म्हणतो. शहरातलं एक सेंटर ‘कोल्ड थेरपी’च्या वीस सिटिंगचे दीड लाख सांगतंय. आईच्या पाटल्या मोडायच्या का? तो व्हिडिओ भावानेही पाहिलाय. विचारतो, “ताई, माझं काही करायचं राहिलं का?” त्याला काय सांगू?

उत्तर

ताई,

आधी ती बर्फाची पिशवी बंद करा. आजच्या आज. बाकीचं उत्तर त्यानंतर सावकाश वाचलंत तरी चालेल.

कारण सांगते. तुमच्या-माझ्या कमरेवर कुणी बर्फ ठेवला तर पाच मिनिटांत आपण “पुरे” म्हणतो. ते “पुरे” म्हणायला लावणारी संवेदना त्याच्या कमरेखालून वर मेंदूपर्यंत पोचत नाही. कातडी बधिर आहे, त्या भागातल्या रक्तवाहिन्यांवरचा मज्जासंस्थेचा ताबाही बिघडलेला आहे. अशा कातडीला अर्धा तास बर्फ लागला तर ती भाजल्यासारखी जळू शकते आणि त्याला पत्ताही लागणार नाही. त्यात माकडहाडाची जागा म्हणजे झोपून असलेल्या माणसाची सगळ्यात नाजूक जागा. तिथे एकदा जखम झाली की भरायला महिने लागतात, आणि तेवढे महिने व्यायाम, बसणं, उभं राहणं सगळं थांबतं.

आत्ताच त्याला कुशीवर वळवा आणि उजेडात ती जागा बघा. लालसर किंवा आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट-जांभळट डाग दिसला तर बोटाने काही सेकंद दाबून सोडा. दाबल्यावर रंग फिका पडून परत आला तर ठीक. डाग तसाच राहिला, फोड दिसला, किंवा हाताला ती जागा शेजारच्या कातडीपेक्षा गरम वा कडक लागली, तर त्या बाजूवर अजिबात झोपवू नका आणि उद्याच सर्जनना दाखवा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून डोळ्यांइतकाच हाताचाही उपयोग करा. हाच नियम शेकाच्या पिशवीला. पावसाळ्यात पाय गार पडले म्हणून कुणी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी पायाशी ठेवतं आणि सकाळी घोट्यावर फोड दिसतो. असे पाय मी पुष्कळ पाहिलेत. पाय गार वाटले तर मोजे आणि पांघरूण, बस.

आता लादीकडे येऊ. तुमची झोप तिने उडवलीय.

त्या दिवशी तुम्ही धावत जाऊन लादी आणली असती, तर ती पाठीखाली सरकवायला भावाला उचलावं किंवा वळवावं लागलं असतं. मणक्याचा चुरा झालेल्या माणसाला त्या क्षणी सगळ्यात मोठा धोका त्याच हालचालीचा होता. आणि एवढं करूनही थंडावा मज्जारज्जूपर्यंत पोचला नसता. बर्फ आणि मज्जारज्जू यांच्या मध्ये कातडी, चरबी, पाठीच्या स्नायूंचा जाड थर आणि मग हाड असतं, आणि या सगळ्यातून सदतीस अंशांचं रक्त अखंड वाहत असतं. वरची कातडी सुन्न झाली असती, आतलं तापमान जवळपास होतं तसंच राहिलं असतं. वर थंडीने अंगाला हुडहुडी भरली असती. थरथरणारे स्नायू प्राणवायू भराभर खातात, आणि दुखावलेल्या मज्जारज्जूला नेमका तोच कमी पडत असतो. लादी आणली नाहीत यात काही चुकलं नाही. ती आणली असतीत तर कदाचित आज वेगळं पत्र लिहीत असता.

पण व्हिडिओतली गोष्ट खोटी नाही. ती पूर्ण सांगितली जात नाही एवढंच.

तो खेळाडू म्हणजे केव्हिन एव्हरेट, बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा. रविवार, ९ सप्टेंबर २००७ रोजी डेन्व्हरच्या संघाविरुद्ध खेळताना, दुसऱ्या अर्धाच्या पहिल्याच किकला, समोरच्या खेळाडूला अडवताना त्याचं डोकं आदळलं आणि तो जागच्या जागी कोसळला. मानेचा तिसरा आणि चौथा मणका एकमेकांवरून सरकले होते. मैदानावर हजर असलेले संघाचे हाडांचे सर्जन अँड्र्यू कॅपुचिनो यांनी रुग्णवाहिकेतच त्याच्या शिरेतून बर्फासारखं थंड सलाइन सुरू केलं. पुढे रुग्णालयात शिरेत घातलेल्या खास नळीने हा थंडावा चालू ठेवला. दोनच दिवसांत त्याचे हातपाय थोडे हलल्याच्या बातम्या आल्या, आणि त्याच डिसेंबरात तो स्वतःच्या पायांनी स्टेडियममध्ये आला. पुन्हा खेळला मात्र कधीच नाही.

या गोष्टीतल्या गाळलेल्या जागा अशा. तो पडला तेव्हा मणक्यांचे डॉक्टर काही पावलांवर उभे होते. मान आणि धड एका रेषेत बांधून त्याला उचलणारी तयारीची माणसं होती. काही तासांत ऑपरेशन करून मज्जारज्जूवरचा दाब काढला गेला. मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइडही दिलं होतं. इतक्या गोष्टी एकाच वेळी केल्यावर कशाने किती फरक पडला, हे एका रुग्णावरून कुणालाच सांगता येत नाही. कॅपुचिनो यांनी ही केस नंतर वैद्यकीय नियतकालिकात रीतसर मांडली, पण ती एका माणसाची हकीकत म्हणूनच. शिवाय पहिल्या दिवशी ‘सगळं गेलं’ असं वाटणारी काही माणसं थंडावा न देताही सुधारतात. इजेनंतरचे काही तास-दिवस मज्जारज्जू मुकाच असतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तो उतरल्याशिवाय इजा पूर्ण आहे (म्हणजे खालची हालचाल आणि संवेदना दोन्ही गेलेली) की अपुरी हे नीट कळत नाही. त्या वेळी अमेरिकेतल्या मेंदू-मणक्याच्या सर्जनांच्या संघटनांनीही असंच म्हटलं, की हा उपचार करा असं म्हणायला पुरावा पुरेसा नाही आणि करू नका असं म्हणायलाही नाही.

थंड करण्याची कल्पना आली कुठून, हे तुम्हाला कळावं असं मला वाटतं. त्यातून सेंटरवाल्यांचं काय करायचं तेही आपोआप कळेल.

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, साधारण ४५ सेंटिमीटर लांब. तो मणक्यांच्या हाडी नळीत असतो आणि भोवती चिवट आवरण. मार लागला की काही पेशी त्याच क्षणी मरतात. त्यांचं काही करता येत नाही. मरता मरता त्या ग्लुटामेट नावाचं रसायन ओततात, त्याने शेजारच्या पेशींमध्ये कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरायला लागतात. बारीक रक्तवाहिन्या गळतात, पाणी साचतं, सूज चढते. बोट सुजलं की अंगठी रुतते आणि बोट काळंनिळं पडतं ना, तसा हा मज्जारज्जू आपल्याच हाडी नळीत आवळला जातो. आत येणारं रक्त कमी होतं, त्यामुळे आणखी पेशी जातात. हे चक्र काही तासांपासून काही दिवस चालतं. पहिला घाव पडतो तो झाडाखाली, हा दुसरा घाव रुग्णालयात पोचल्यावरही चालूच असतो. वाचवण्यासारखं जे असतं ते इथेच.

शरीराचं तापमान एक अंशाने उतरलं की पेशींची प्राणवायूची भूक साधारण ६-७ टक्क्यांनी कमी होते. ग्लुटामेटचं ओतणं मंदावतं, गळती आणि सूज कमी होते. म्हणून त्या दुसऱ्या घावाच्या काळात थंडावा दिला तर? १९६० च्या दशकात मॉरिस अल्बिन आणि रॉबर्ट व्हाइट या डॉक्टरांनी अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये नेमकं हे करून पाहिलं. माकडांच्या पाठीत मोजून मापून इजा केली, चार तासांनी पाठ उघडून मज्जारज्जूवरून थंड सलाइन तीन तास फिरवत ठेवलं. थंडावा दिलेली माकडं पुष्कळ सुधारली, न दिलेली सुधारली नाहीत. १९६८ मध्ये हे छापून आलं आणि आशा पल्लवित झाली. माणसांवरही काही ठिकाणी तसं केलं गेलं. पण माणसाच्या बाबतीत इतक्या लवकर पाठ उघडून तासन्‌तास थंड सलाइन फिरवणं फार अवघड गेलं. निकालही एकसारखे आले नाहीत, आणि ही पद्धत मागे पडली.

मग मियामीच्या डॉक्टरांनी दुसरी वाट धरली. पाठ न उघडता मांडीच्या मोठ्या शिरेतून एक नळी आत सरकवायची. त्या नळीच्या फुग्यांमधून थंड पाणी फिरतं, रक्त त्याला घासून जाताना गार होतं आणि सगळं शरीर ३३ अंशांवर येतं. असं ४८ तास ठेवायचं. मग परत गरम करायचं तेही घाई न करता, तासाला ०.१ अंश, म्हणजे ३३ वरून ३७ ला यायला चाळीस तास. या सगळ्या वेळात रुग्ण अतिदक्षता विभागात, बहुतेक वेळा व्हेंटिलेटरवर, हुडहुडी थांबवणाऱ्या औषधांखाली. मानेची पूर्ण इजा झालेल्या १४ जणांवरचा त्यांचा अभ्यास २००९-१० मध्ये आला. इजेनंतर सरासरी नऊ तासांनी थंडावा सुरू झाला होता. १४ पैकी ६ जण पुढे पूर्ण इजेच्या श्रेणीतून बाहेर आले. हा आकडा आशा वाटावी असा आहे. पण १४ माणसं फारच थोडी, तुलना जुन्या रुग्णांच्या नोंदींशी, आणि छातीच्या तक्रारी दोन्हीकडे भरपूर. त्यामुळे हे सिद्ध झालं असं त्या डॉक्टरांनीही म्हटलं नाही.

आणि ताई, नीट बघा, हे सगळे मानेच्या इजेचे रुग्ण. तुमच्या भावाची इजा एल-१ ची. प्रौढ माणसात मज्जारज्जू साधारण तिथेच संपतो आणि पुढे नुसत्या नसांचा झुबका खाली जातो. तिथे थंडाव्याने काय होतं यावर या अभ्यासातून काहीच सांगता येत नाही. त्याला पहिल्या तासात न्यू यॉर्कला नेऊन ठेवलं असतं, तरी तिथल्या डॉक्टरांनी त्याला थंड केलंच असतं असं मला वाटत नाही.

थंडावा निरुपद्रवीही नाही. शरीर ३३ अंशांवर आणलं की रक्त नीट गोठत नाही, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, पोटॅशियम खालीवर होतं, न्यूमोनियाचा धोका वाढतो. डोक्याला मार लागलेल्यांच्या बाबतीत हेच झालं. तर्क तोच होता, मेंदूची सूज कमी होईल. २०१५ मध्ये आलेल्या युरोपातल्या मोठ्या चाचणीत कवटीतला दाब वाढलेल्यांना थंड केल्यावर त्यांचं उलट जास्त वाईट झालं आणि चाचणी थांबवावी लागली. २०१८ मध्ये दुसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. आपल्या जवळचं उदाहरण तर अंगावर काटा आणणारं आहे. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांना थंड करण्याचा उपचार श्रीमंत देशांत खरोखर उपयोगी ठरला होता. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवर तपासला, २०२१ मध्ये निकाल आला, आणि थंड केलेल्या गटात मृत्यू जास्त निघाले. ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. एका देशात चाललं ते दुसऱ्या देशात, एका अवयवाला चाललं ते दुसऱ्या अवयवाला चालेलच असं नसतं.

थंडावा जिथे भरवशाचा आहे तिथे तो आधीपासून ठरवून दिलेला असतो. महाधमनीच्या मोठ्या ऑपरेशनात मज्जारज्जूचं रक्त काही काळ तुटणार हे आधीच माहीत असतं, म्हणून रक्त तुटायच्या आधी शरीर गार करून घेतात. अपघातात ती सवड मिळत नाही.

तर त्या सेंटरचं. पाटल्या मोडू नका. मी हे भीत भीत सांगत नाहीये, ठामपणे सांगते. मज्जारज्जूला थंडावा देण्याबद्दल जगात जे काही संशोधन झालंय ते पहिल्या काही तासांबद्दल आणि दिवसांबद्दल. तीन महिन्यांनंतर ती सूज उरलेलीच नाही. मेलेल्या पेशींच्या जागी आता व्रण आहे आणि व्रण थंड करून काही होत नाही. बाहेरून कुठलंही यंत्र लावून मज्जारज्जू थंड होत नाही, झाला तरी आता त्याचा उपयोग नाही. तुमच्यासारख्या न झोपलेल्या बहिणीला गाठून दीड लाख सांगणाऱ्या माणसांची मला चीड येते. त्यांना एकच विचारा: तीन महिन्यांच्या जुन्या इजेवर हा उपचार केलेल्या किती रुग्णांची आधीची आणि नंतरची एएसआयए श्रेणी (इजा पूर्ण की अपुरी, किती, हे मोजायची डॉक्टरांची ठरलेली मोजपट्टी) तुमच्याकडे लिहून ठेवलेली आहे? ती दाखवा म्हणा.

मग पहिल्या तासांत खरं काय महत्त्वाचं असतं? हे सांगते, कारण उद्या तुमच्याच वाडीत आणखी कुणी कलमावरून पडेल. पडलेल्याला जागेवरच ठेवायचं, १०८ ला फोन लावायचा, तो येईपर्यंत मान आणि धड एका रेषेत धरायचं. उचलावंच लागलं तर चार-पाच जणांनी मिळून, एकाने फक्त डोकं-मान धरून, सगळं शरीर एकसंध वळवून सपाट फळीवर घ्यायचं. दारही चालतं. चादरीच्या झोळीत पाठ वाकते. तुम्ही चादरीत घातलंत ते हाताशी होतं म्हणून, आणि इजा किती त्यामुळे झाली हे कुणीही कधी सांगू शकणार नाही, तेव्हा त्याचाही हिशेब करत बसू नका. पुढे रुग्णालयात रक्तदाब पडू न देणं, प्राणवायू नीट ठेवणं, ताप चढू न देणं, आणि शक्यतो चोवीस तासांच्या आत दाब काढणं. रक्तदाबाला मी सगळ्यात वरचं स्थान देते. आवळलेल्या मज्जारज्जूत रक्त ढकलायला दाब लागतो, तो पडला की दुसरा घाव खोल जातो. थंडावा व्हिडिओत शोभून दिसतो, तशी ही कामं दिसत नाहीत. तुमच्या भावाला दुसऱ्या दिवशी ऑपरेशन मिळालं, हे आपल्याकडे वाटतं तितकं सहज होत नाही. आणि स्टेरॉइड दिलं नसेल तर त्याचंही वाईट वाटून घेऊ नका. १९९० नंतर ते जगभर सर्रास दिलं जाई, २०१३ मध्ये अमेरिकेच्याच मार्गदर्शक सूचनांनी ते देऊ नका म्हटलं.

आता पुढचं, आणि माझ्या मते पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय: लघवीची नळी कायम लावलेली आहे. तीन महिने. हे बदलता येतं का ते या आठवड्यात युरॉलॉजिस्टना विचारा. त्याचे हात उत्तम आहेत. असा माणूस दर चार ते सहा तासांनी स्वतःच, स्वच्छ हाताने, बारीक कॅथेटर घालून लघवी काढून परत नळी बाहेर काढायला शिकू शकतो. शिकायला चार दिवस लागतात, लाज जायला थोडे जास्त. पण मूत्रपिंडं वाचतात, जंतुसंसर्ग कमी होतो, पिशवी सुटते आणि माणूस घराबाहेर पडतो. पाणी किती प्यायला आणि प्रत्येक वेळी लघवी किती निघाली, हे वहीत लिहायला सांगा. एका वेळी चारशे-पाचशे मिलिलिटरच्या वर जात असेल तर वेळा जवळ आणायच्या. पोट साफ होण्याचीही रोज एकच ठरलेली वेळ लावून घ्या, जेवणानंतर.

कातडीसाठी, झोपलेला असताना दर दोन तासांनी कूस, आणि खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन ढुंगण क्षणभर वर. हे त्याने स्वतः करायचं, तुम्ही आठवण करायची. रोज संध्याकाळी आरशाने त्याची पाठ त्यालाच बघू द्या.

पायांचं. मांडी उचलतोय ही चांगली खूण आहे. मांडी उचलणाऱ्या नसा एल-१, एल-२ च्या, गुडघा सरळ करणाऱ्या त्याच्या जरा खालच्या. गुडघा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सरळ करता येऊ लागला तर घोट्याच्या पट्ट्या आणि कुबड्या घेऊन घरात चालणं विचारात घेण्यासारखं होतं. नाही आला तर लांब कॅलिपर (मांडीपासून पायाला बांधायचा आधार), आणि लांबच्या अंतराला व्हीलचेअर. सर्वात वेगाने सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढेही वर्ष-दीड वर्ष हळूहळू होत राहते. म्हणजे हे महिने सोन्याचे आहेत आणि दीड लाख जर कुठे घालायचेच असतील तर ते रोजच्या फिजिओथेरपीत, चांगल्या उशा-गादीत आणि संडासाचं दार रुंद करण्यात घाला. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे एकदा घेऊन जा. जिल्हा रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. त्यावर केंद्राच्या एडिप योजनेतून व्हीलचेअर आणि कॅलिपर मिळतात. हे कागद करायला लाजू नका. पुढे तो उठून चालायला लागला तरी त्या कागदांनी काही बिघडत नाही.

मी त्याला तपासलेलं नाही, तेव्हा वरचं सगळं त्याच्या सर्जनच्या आणि फिजिओच्या कानावर घालूनच करा.

आता त्याचा प्रश्न. त्याला सरळ सांगा: नाही, काही करायचं राहिलेलं नाही. तो व्हिडिओ त्याच्याबरोबर बसून परत बघा आणि त्या व्हिडिओबद्दल मी लिहिलंय तेवढं शांतपणे वाचून दाखवा, मानेची इजा, मैदानावरचे डॉक्टर, १४ पैकी ६, सगळं. सत्तावीस वर्षांच्या मुलाला अर्धवट माहिती दिली की उरलेलं तो रात्री मोबाइलवर शोधतो आणि त्याला सगळ्यात वाईट तेच सापडतं. तुमच्या झोपेबद्दल मात्र त्याच्यासमोर बोलू नका, आणि लादीचा विषयही त्याच्यापाशी काढू नका. आपल्यामुळे बहीण अपराधी वाटून घेते आहे, हे ओझं त्याला नको. ते माझ्याकडे लिहिलंत ते बरं केलंत. झोप आणखी पंधरा दिवस आली नाही तर तुमच्यासाठीही डॉक्टर गाठा, भावाची सेवा करणाऱ्या माणसाला झोप हवीच.

पुढच्या पत्रात मला तीन गोष्टी कळवा. माकडहाडाच्या कातडीचं काय दिसलं, युरॉलॉजिस्ट नळीबद्दल काय म्हणाले, आणि फिजिओने मोजलेली गुडघा सरळ करण्याची ताकद, पाचपैकी किती. दोन्ही पायांची वेगवेगळी लिहा. त्यावरून कॅलिपर कोणतं बघायचं ते सांगते.